त्यांना विचारलंत का?

दारावरची बेल वाजते. दार उघडलं तर समोर एक बाई. कडक इस्त्रीचा सूट, मानेवर धारेत कापलेले केस, चेहऱ्यावर एकदम गोड हसू. हातात कोर्टाचा कागद. सोबत पोलीस. बाई अतिशय मऊ आवाजात सांगते की, आजपासून तुमची सगळी काळजी माझ्याकडे.

आता कल्पना करा, दार उघडणारे तुम्हीच आहात आणि तुमचं वय आहे सत्तरीचं. एकटे राहता, पण मजेत राहता. स्वतःचं घर आहे, बँकेत पुरेसा पैसा आहे, औषधं वेळेवर घेता, भाजी स्वतः आणता. तुम्ही म्हणता, अहो बाई, मला कुणी काळजी घ्यायची गरजच नाहीये. बाई हसून सांगते की, ते आता तुम्ही ठरवायचं नाही, कोर्टाने ठरवलंय. मला न विचारता? हो, तुम्हाला न विचारता. कारण तुमच्याच डॉक्टरने लिहून दिलंय की, यांना विचारण्यात काही अर्थ नाही.

थोड्याच वेळात तुम्ही एका सिनिअर केअर होमच्या खोलीत असता. फोन काढून घेतलेला. दाराबाहेर जायची परवानगी नाही. आणि तिकडे तुमच्या घरात अनोळखी माणसं शिरून कपाटं उघडतायत, फर्निचर बाहेर काढतायत, विकण्याआधी भिंतींना रंग मारतायत.

भीती वाटली? 'आय केअर अ लॉट' हा सिनेमा पाहिला असेल, तर त्यातला हा प्रसंग तुम्हाला आठवला असेल. नसेल पाहिला तर जरूर पाहा. पण पाहून झाल्यावर लगेच पुढचा सिनेमा लावू नका. जरा थांबा. कारण हा सिनेमा जितका पडद्यावर आहे, त्याहून जास्त तो आपल्या घरात आहे. कसा, ते सांगतो.

चाकू नाही, बंदूक नाही, फक्त सही

जे ब्लेकसन या ब्रिटिश दिग्दर्शकाचा हा सिनेमा २०२० च्या टोरांटो फेस्टिव्हलमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत ओटीटीवर आला. 'गॉन गर्ल'मधली रोझमंड पाइक यात मार्ला ग्रेसन झालीये. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळालं आणि तेही म्युझिकल-कॉमेडी गटात! म्हाताऱ्या माणसांना लुबाडायची गोष्ट कॉमेडीच्या खात्यात जमा झाली. काळा विनोद म्हणतात तो हाच.

मार्लाचा धंदा काय? ती व्यावसायिक पालक आहे. म्हणजे ज्या वृद्धांना स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत, त्यांचे निर्णय घ्यायला कोर्टाने नेमलेली अधिकृत व्यक्ती. तिच्या ऑफिसच्या भिंतीवर तिच्या ताब्यातल्या वृद्धांचे फोटो ओळीने लावलेत. एखादे आजोबा वारले की त्यांचा फोटो निघतो. केअर होममधली खोली रिकामी होते आणि मार्लाची शोधाशोध सुरू होते. पुढचं गिऱ्हाईक कोण?

तिची साखळी पक्की आहे. एक डॉक्टर, जी पैशासाठी पेशंटला विसरभोळेपणाचा आजार असल्याचं लिहून देते. केअर होमचा एक मॅनेजर, जो तिच्यासाठी खोली मोकळी ठेवतो. आणि एक न्यायाधीश. तो मात्र भ्रष्टबिष्ट अजिबात नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं की, समोर एक हुशार, तळमळीची, कागदपत्रं नीट लावून आणणारी बाई उभी आहे. तो तिच्यावर विश्वास ठेवतो. बस्स!

गंमत बघा. यात कुणी कुलूप फोडत नाही, कुणी सुरा दाखवत नाही. सगळं दिवसाढवळ्या, शिक्क्यानिशी, पावतीनिशी होतं. एरवी थ्रिलरमध्ये आपण म्हणत असतो, अरे, पोलिसांना बोलवा ना! इथे पोलीस आधीच आलेत आणि ते मार्लाच्या बाजूने उभे आहेत. ज्याच्याकडे तक्रार करायची, त्याचीच सही त्या कागदावर आहे. मग ओरडायचं कुणाकडे?

आणि ओरडलात तरी काय? तुम्ही जितके चिडाल, जितके हातपाय आपटाल, तितका तो आजार खरा ठरतो. बघा बघा, कशा वागतायत, म्हणूनच तर यांना इथे ठेवावं लागलं. शांत बसलात तर तुम्हाला काही समजत नाही आणि भांडलात तर तुम्ही भ्रमिष्ट. दोन्हीकडून हार तुमचीच.

हे खरंच होतं?

तुम्ही म्हणाल, सिनेमा आहे, मीठमसाला असणारच. मसाला आहेच. पण मूळ भाजी बाजारातलीच आहे. वृद्धांना लुटणाऱ्या अशा पालकांच्या बातम्या वाचूनच ही कल्पना सुचली, असं ब्लेकसनने सांगितलंय.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे पालकत्वाचे कायदे वेगळे आहेत, पण साचा साधारण एकच. कुणीतरी कोर्टात अर्ज करतो की, अमुक व्यक्तीला स्वतःचं भलं कळत नाही. सोबत वैद्यकीय दाखला जोडतो. तातडीचं प्रकरण आहे असं पटलं, तर ती व्यक्ती हजर नसतानाही तात्पुरता पालक नेमता येतो. एकदा नेमला की, कुठे राहायचं, कोणत्या डॉक्टरकडे जायचं, पैसे कशावर खर्च करायचे, हे सगळं तो ठरवणार. त्याची फी कोण देणार? ती निघते त्या वृद्धाच्याच पैशातून. म्हणजे तुम्हाला कोंडून ठेवणाऱ्याचा पगार तुमच्याच खात्यातून!

हेतू वाईट नव्हता. ज्याला कुणीच नाही आणि ज्याची बुद्धी खरोखर साथ देत नाही, अशा माणसाला कुणीतरी हवंच. असंख्य लोक हे काम प्रामाणिकपणे करतातही. पण ज्या दारातून मदत आत येते, त्याच दारातून चोरही येऊ शकतो. आणि या दारावर लक्ष ठेवायला फारसं कुणी नव्हतं.

लास वेगासचं एप्रिल पार्क्स प्रकरण त्यातलंच. ही बाई कोर्टाने नेमलेली खासगी पालक होती. 'द न्यू यॉर्कर'मध्ये ऑक्टोबर २०१७ मध्ये रेचल अविव यांनी यावर एक दीर्घ लेख लिहिला. त्यात एका वृद्ध जोडप्याची हकीकत आहे. २०१३ मध्ये एके दिवशी पार्क्स त्यांच्या दारात आली, कोर्टाचा आदेश दाखवला आणि सामान भरायला सांगितलं. त्यांची मुलगी घरी आली तेव्हा घर रिकामं. आई-वडील कुठे गेले, हे तिला ठाऊकच नाही. सिनेमातला तो दारावरचा प्रसंग आठवा आणि मग हे पुन्हा वाचा.

पार्क्स आणि तिच्या साथीदारांवर २०१७ मध्ये दोनशेहून जास्त आरोप ठेवले गेले. तिने पुढे गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०१९ मध्ये तिला १६ ते ४० वर्षांची शिक्षा झाली. नेवाडा राज्याला आपले नियम बदलावे लागले. आता तिथे ज्याच्यावर पालक नेमायचाय, त्याला स्वतःचा वकील मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे इतक्या उलथापालथीनंतर कायद्याने काय शिकलं, तर एवढंच, की बाबा रे, त्या माणसालाही विचारा!

आणि हे फक्त म्हाताऱ्यांपुरतं नाही बरं का. ब्रिटनी स्पीअर्स आठवते? २००८ पासून तब्बल १३ वर्षं तिचा पैसा आणि तिचं आयुष्य कोर्टाने नेमलेले लोक चालवत होते. त्या काळात ती अल्बम काढत होती, लास वेगासमध्ये शो करत होती, लाखो लोकांना नाचवत होती. पण कायद्याच्या नजरेत ती स्वतःचे निर्णय घ्यायला असमर्थ. जून २०२१ मध्ये ती कोर्टात स्वतः बोलली, जगाने ऐकलं आणि नोव्हेंबरमध्ये ते सगळं संपलं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गायिकांपैकी एकीला स्वतःचं म्हणणं ऐकवायला इतकी वर्षं लागली, तर केअर होमच्या खोलीतल्या, फोन नसलेल्या आजींचं काय?

मार्ला आवडली ना? खरं सांगा!

आता जरा अवघड प्रश्न. सिनेमा बघताना तुम्ही कुणाच्या बाजूने होतात?

लाजू नका. मार्ला आवडतेच. कसली भारी दिसते ती! रंगीत सूट, काळा गॉगल, तोंडात व्हेप, कुणाच्या बापाला न घाबरणारी. एक चिडलेला माणूस तिला बाई म्हणून हिणवतो, थुंकतो, तर ती त्याला असं काही सुनावते की आपल्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. गरिबी पाहिलीये तिने. सुरुवातीलाच ती आपल्याला तिचं तत्त्वज्ञान ऐकवते की, सरळमार्गी राहून कुणी श्रीमंत होत नाही. जगात माणसं दोनच प्रकारची, एक शिकार करणारी आणि दुसरी शिकार होणारी. आणि मी कोकरू नाही, सिंहीण आहे.

ओळखीचं वाटतंय? वाटणारच. रील्सवर रोज हेच तर ऐकतो आपण. हसल करा. भावना बाजूला ठेवा. जगाला दया नसते. सिंह बना. मागे दणकेबाज म्युझिक, स्लो मोशनमध्ये चालणारा कुणीतरी आणि खाली हजारो हार्ट्स.

ब्लेकसनने इथेच आपल्यासाठी सापळा लावलाय. तो मार्लाला आपल्याला आवडेल अशीच सजवतो, तिच्या तोंडी आपल्याला पटतील अशी वाक्यं घालतो. मग तिच्यासमोर त्याहून मोठा गुंड आणून उभा करतो. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला टिरियन, म्हणजे पीटर डिंकलेज, इथे रशियन माफियाचा म्होरक्या आहे. मार्लाने ज्या जेनिफर पीटरसनला एकटी, नातेवाईक नसलेली, पैसेवाली म्हणून हेरलं, ती नेमकी याची आई निघते. मग काय, धुमशान! कोण जिंकणार, सिंहीण की माफिया? आपण सीटच्या टोकावर येतो. मार्ला मृत्यूच्या दारातून परत येते, तेव्हा आपल्याला चक्क बरं वाटतं.

आणि या सगळ्या गडबडीत आपण कुणाला विसरलो? जेनिफरला.

ही भूमिका डायान वीस्टने केलीये. दोन ऑस्कर मिळवलेली अभिनेत्री. सुरुवातीच्या भागात तिचा चेहरा बघा. आधी गोंधळ, मग भीती, मग हळूहळू पेटणारा राग. पण सिनेमाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो, दोन गुंडांची जुगलबंदी रंगते आणि आजी पडद्यावरून जवळजवळ नाहीशाच होतात. त्यांना काय वाटतं, त्यांना काय हवंय, हे विचारायला कथेला वेळच उरत नाही.

माझ्या मते हीच या सिनेमाची सगळ्यात मोठी चूक. त्याने जे पाप मार्लाच्या माथी मारलं, तेच तो स्वतः करून बसला. म्हातारं माणूस म्हणजे गोष्ट सुरू करायचं निमित्त. एकदा ती सुरू झाली की त्याला खोलीत ठेवून द्यायचं आणि तरुण माणसांनी आपसात भांडत बसायचं.

अजून एक खटकतं. जेनिफरला सोडवायला कोण येतं? माफिया मुलगा. त्याच्याकडे पैसा आहे, वकील आहेत, बंदुका आहेत. पण भिंतीवरच्या बाकीच्या फोटोंचं काय? त्यांचा मुलगा माफिया नाही. तो साधा नोकरदार आहे, परगावी राहतो किंवा मुळात मुलगाच नाही. त्यांच्यासाठी कुणी येत नाही.

(पुढच्या एका परिच्छेदात शेवट सांगतोय. सिनेमा बघायचा असेल तर तो सोडून पुढे जा.)

खरं तर सिनेमाला हे माहीत आहे. पहिल्याच प्रसंगात एक माणूस केअर होमच्या दारात धडपडतोय. त्याला आईला भेटायचंय आणि मार्लाने त्याला बंदी केलीये. कोर्टातही तो हरतो. तो काही गुंड नाही, हुशार नाही, बोलायलाही धड नाही. आपण त्याला विसरून जातो. शेवटी मार्ला यशाच्या शिखरावर असताना गोळी येते ती माफियाकडून नाही, तर या माणसाकडून येते. तोवर त्याची आई गेलेली असते. तिला शेवटचं बघायलाही त्याला मिळालेलं नसतं. ती गोळी म्हणजे न्याय नाही. ज्याचं कुणीच ऐकलं नाही, त्याचा तो शेवटचा आवाज आहे.

आता जरा आपल्या घरात येऊ

आपल्याकडच्या सिनेमात म्हाताऱ्यांचे हाल नवे नाहीत. 'बागबान'मध्ये आई-वडिलांची वाटणी झाली, 'नटसम्राट'मध्ये अप्पा बेलवलकर रस्त्यावर आले. आपल्या गोष्टींत खलनायक बहुतेक वेळा मुलगा नाहीतर सून असते. त्यामुळे आपण डोळे पुसतो आणि मनात म्हणतो, मी नाही बुवा असा. मी माझ्या आई-बाबांवर, आजी-आजोबांवर प्रेम करतो.

करतच असाल. मीही करतो. म्हणूनच ही गोष्ट सांगतो.

माझी आजी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिक्षिका होती. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी मी तिला बँकेत घेऊन गेलो होतो. अंगठ्याच्या मशीनवर तिचे ठसे काही उमटेनात. म्हातारपणी बोटांच्या रेषा पुसट होतात, ते साहजिकच. काउंटरवरच्या माणसाने कंटाळून फॉर्म पुढे सरकवला आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"यांना सही येते का?"

आजी माझ्या शेजारी उभी होती. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात चष्म्याची डबी.

मी म्हटलं, "हो हो, येते ना."

त्याने पुढे विचारलं, मोबाइल नंबर कोणता टाकू? मी माझा सांगितला. नॉमिनी तेच ठेवायचेत का? मी म्हटलं, हो. दहा मिनिटांत काम झालं. मला वाटलं, काय पटकन उरकलं आपण!

रिक्षात बसल्यावर आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो तुला का विचारत होता, ते कळलं मला. त्याला काय माहीत मी कोण ते. पण तू का उत्तर देत होतास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाहीये. ज्या बाईने निम्म्या गावाला अक्षर गिरवायला शिकवलं, तिला सही येते का, या प्रश्नाचं उत्तर तिच्या नातवाने दिलं. आणि तेही प्रेमाने, मदत म्हणून, तिचे कष्ट वाचावेत म्हणून.

मी मार्ला नाही. तुम्हीही नाही. आपल्याला आजीचे पैसे नकोत, आजी हवी आहे. हा फरक छोटा नाही, फार मोठा आहे. पण मार्लाचा धंदा कशावर चालतो ते बघा. तो चालतो न्यायाधीशाच्या एका सवयीवर. म्हाताऱ्या माणसाबद्दलचा प्रश्न त्याच्या शेजारच्या माणसाला विचारायचा आणि जे उत्तर मिळेल ते खरं मानायचं. ती सवय आपल्या प्रत्येकाला आहे. डॉक्टरकडे गेलं की आजोबांना काय होतंय हे आपण सांगतो. हॉटेलात त्यांची ऑर्डर आपण देतो. घर विकायचं का, गावाकडची जमीन कुणाला कसायला द्यायची, ही चर्चा त्यांच्यासमोर, पण त्यांना वगळून होते. चोराला दार फोडावं लागत नाही. दार आपणच उघडं ठेवलेलं असतं.

आपले मार्ला कोण?

अमेरिकेतला तो पालकत्वाचा खेळ आपल्याकडे जसाच्या तसा चालणं अवघड आहे. इथे कोमातल्या किंवा अल्झायमरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाचं पालकत्व घ्यायचं, तर घरच्यांना बहुतेकदा हायकोर्टापर्यंत जावं लागतं. पण आपल्याकडचे मार्ला कोर्टात जातच नाहीत. ते बक्षीसपत्रावर सही घेतात, कुलमुखत्यारपत्र करून घेतात. 'इथे फक्त अंगठा द्या, बाकी मी बघतो' म्हणतात. म्हातारं माणूस विचारतं, यात काय लिहिलंय रे? उत्तर मिळतं, तुम्हाला नाही कळायचं ते.

यावर कायदा आहे, हे किती जणांना माहितीये? आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्यात कलम २३ आहे. साठी ओलांडलेल्या व्यक्तीने, माझी देखभाल करायची या अटीवर मालमत्ता कुणाच्या नावे केली आणि त्याने ती अट पाळली नाही, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवलं आणि मालमत्ता तिला परत द्यायला सांगितली. अट मात्र बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असेल तर बरं. त्यामुळे आजी-आजोबा काही नावावर करून देत असतील, अगदी तुमच्या नावावर देत असतील तरी, हे त्यांना आधी सांगा.

दुसरा मार्ला फोनवरून येतो. 'डिजिटल अरेस्ट' हा प्रकार तुम्ही वाचलाच असेल. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातला माणूस सांगतो, तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, तुमच्या आधारवर गुन्हा नोंदलाय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही आणि कुणालाही सांगायचं नाही. कायद्यात असं काही नसतंच. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. तरी निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर अशा शिकल्यासवरल्या माणसांच्या आयुष्यभराच्या ठेवी यात गेल्यात.

आपण बातमी वाचून म्हणतो, एवढी शिकलेली माणसं फसतात कशी? पण नीट बघा, पद्धत तीच आहे. आधी माणसाला एकटं पाडायचं. मार्ला फोन काढून घेते, हे लोक फोनवरच कोंडून ठेवतात. एकट्या माणसाला घाबरवणं सोपं असतं.

आणि मग सगळ्यात वाईट गोष्ट. फसवणूक झाल्यावरही ही माणसं घरात बोलत नाहीत. का? कारण पुढचं वाक्य त्यांना पाठ आहे. 'सांगितलं होतं ना, तुम्हाला कळत नाही म्हणून? द्या ते एटीएम कार्ड इकडे.' पैसे गेलेच, आता उरलेली मोकळीकही जाणार. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. ज्या माणसाला घरात कुणी काही विचारत नाही, तो माणूस घरात काही सांगतही नाही. फसवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

मग करायचं काय?

फार मोठं काही नाही. क्रांतीबिंती नको.

या आठवड्यात आजी-आजोबांसोबत डॉक्टरकडे गेलात आणि डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून विचारलं, की 'झोप लागते का यांना?', तर उत्तर देऊ नका. हसून म्हणा, त्यांनाच विचारा ना. आजी सांगायला वेळ लावतील, मध्येच भाचीच्या लग्नावर घसरतील. घसरू द्या. बाहेरच्या रांगेतले लोक कुरकुर करतील, तर करू द्या.

त्यांच्या फोनमध्ये १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर सेव्ह करून द्या. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइनसुद्धा. पण नुसता नंबर देऊ नका. सोबत एक वचन द्या. कधी काही गडबड झाली, कितीही मोठी झाली, तरी आधी मला सांग. मी ओरडणार नाही आणि तुझं कार्डही काढून घेणार नाही. हे वाक्य सोपं वाटतं, पाळायला फार अवघड आहे. तरी द्या.

कधी आजोबांना खरंच गोष्टी आठवेनाशा होतील. तो दिवस अनेक घरांत येतो. तेव्हा कुणाला तरी त्यांच्या वतीने ठरवावं लागेल, त्याला इलाज नाही. पण तेव्हाही विचारण्यासारखं बरंच उरलेलं असतं. चहा हवा की कॉफी? खिडकी उघडी ठेवू की बंद? सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'अस्तु' बघा. त्यात मोहन आगाशेंनी साकारलेल्या शास्त्रींची स्मृती गेलीये. रस्त्यावर दिसलेल्या हत्तीमागे ते निघून जातात. त्यांना सांभाळते ती हत्तीवाल्याच्या घरची बाई. तिला त्यांचं नाव माहीत नाही, विद्वत्ता माहीत नाही आणि बँक बॅलन्स तर नाहीच नाही. तरी ती त्यांच्याशी माणसासारखी वागते. मार्ला सगळी माहिती काढून मग दारात येते. काळजी या एका शब्दाची ही दोन टोकं आहेत.

या नोव्हेंबरला मी पुन्हा आजीला घेऊन त्याच बँकेत गेलो होतो. काउंटरवर दुसरा मुलगा होता, पण प्रश्न तोच. माझ्याकडे बघून, "यांचा मोबाइल नंबर?"

मी आजीकडे बघितलं आणि गप्प राहिलो. तिने पर्समधून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. मग दहाही आकडे खणखणीत आवाजात, एकेक सुटा करून सांगितले. वर्गात पाढे म्हणून घ्यायची तसे. एक आकडा त्या मुलाने चुकीचा टाइप केला. तो तिने दुरुस्त करून घेतला.

वेळ लागला. मागची रांग वाढली. घरी यायला उशीर झाला. पण रिक्षात या वेळी आजी गप्प नव्हती.